ऐंशी चौरस मीटरला एक झाड

बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या पुढे गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्या अटींत एक ओळ हमखास असते: जमिनीच्या दर ८० चौरस मीटरला किमान एक झाड. ऐकायला बरं वाटतं. आता एका एकराचा हिशेब मांडून पाहा. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे पन्नास झाडं. बांधकाम नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडात १० टक्के मोकळी जागा सोडायची, म्हणजे जेमतेम ४०० चौरस मीटर. त्यातच मुलांची घसरगुंडी, ज्येष्ठांचा कट्टा आणि कुठेतरी खाली पाण्याची टाकी. इमारतीभोवतीच्या पट्ट्यातून अग्निशमन दलाची गाडी फिरली पाहिजे, तिथे झाड चालत नाही. मग पन्नास झाडं जातात कुठे? कंपाउंडच्या भिंतीला खेटून, मीटरभर रुंदीच्या वाफ्यात, ओळीने. एवढ्या चिंचोळ्या जागेत जे मावतं तेच लागतं: खोटा अशोक आणि पाम. तपासायला येणारा खोडं मोजतो, पन्नास भरतात, काम झालं.

पुण्यात बाणेर-बालेवाडीपासून वाघोलीपर्यंत हे चित्र एकसारखं आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, आणि या गावांतल्या पडीक जमिनी, बांध, ओढ्याकाठच्या झुडुपांच्या पट्ट्या आता सोसायट्या होत आहेत. त्या पडीक जमिनीवर बोर, हिवर, तरवड, रुई, कुसळी गवत होतं. कागदावर तिथे 'झाडं: ४'. बांधकामानंतर कागदावर 'झाडं: ५०'. कागद म्हणतो निसर्ग वाढला. प्रत्यक्षात तित्तिर गेला, सरडे गेले, रुईवरची फुलपाखरं गेली.

वृक्षतोडीच्या कायद्याचंही तेच. १९७५ च्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, त्यानुसार पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी रोपं लावायची असतात. आधीपेक्षा नक्कीच बरं. पण साठ वर्षांच्या वडाच्या ढोलीत पिंगळा राहतो, आणि साठ रोपांत मिळून एकही ढोली नसते.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना वेगळा नियम लागू झाला. आधी जागेवर कोणकोणते अधिवास आहेत ते मोजायचे: गवताळ, झुडपी, पाणथळ, झाडांचा. प्रत्येकाचं क्षेत्रफळ, तो किती दुर्मीळ आणि कोणत्या स्थितीत आहे, यावरून गुण काढायचे. बांधकामानंतर ते गुण किमान १० टक्क्यांनी जास्त झाले पाहिजेत आणि तीस वर्षं टिकले पाहिजेत. त्यात पळवाटा निघणारच. कागदावर दाखवलेलं गवत खरंच उगवलं का हे बघायला माणूस नसेल तर तो नियमही आपल्या खोडांच्या मोजणीसारखाच. तरी एककच बदललं, हा मुद्दा मोठा आहे. झाड हे एकक सोडून जागा हे एकक धरलं. आपल्याकडे कायदा बदलेल तेव्हा बदलेल. हे एकक सोसायटीच्या कमिटीला, लँडस्केपवाल्याला आणि एखाद्या शहाण्या बिल्डरला आजही वापरता येतं.

आधी माती

त्याच मंजुरीच्या अटींत आणखी एक ओळ असते, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. इमारत आणि रस्ते येणार तिथली वरची २० सेंटीमीटर माती काढून साठवायची आणि नंतर बागेत परत पसरायची. एका एकरावर २० सेंटीमीटर म्हणजे सुमारे ८०० घनमीटर, आपल्या भाषेत २८५ ब्रास. खोदाईच्या पहिल्या आठवड्यात ही माती मुरुमासोबत डंपरमध्ये भरून जाते. दोन-तीन वर्षांनी बागेची वेळ आली की घाटाकडून लाल माती विकत येते. म्हणजे आपली जिवंत माती भरावात गेली आणि कुठलातरी डोंगर खरवडून दुसरी आणली. त्या लाल मातीत आपल्या जागेतलं गवताचं बी नाही, गांडुळांची अंडी नाहीत.

माती साठवायची पद्धत अवघड नाही, शिस्त मात्र लागते. काम मेअखेरीआधी करायचं. ओली काळी माती जेसीबीने उचलली की तिची कणरचना मोडते आणि ती विटेसारखी घट्ट बसते. काळी माती आणि मुरूम यांचे ढीग वेगळे ठेवायचे, ढिगाची उंची दीड मीटरच्या आत. त्याहून उंच ढिगात आतल्या थराला हवा मिळत नाही आणि सगळं कुजट होतं. पहिला पाऊस पडला की ढिगावर ताग किंवा धैंचा पेरायचा, चौरस मीटरला पाच-सहा ग्रॅम बी. धूप थांबते आणि गाजरगवताला जागा मिळत नाही. हे गाजरगवत भारतात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, तेव्हा त्याचा बंदोबस्त करण्याची थोडी जादा जबाबदारी आपल्यावर आहे असं धरायला हरकत नाही.

बांधून झालेल्या सोसायटीत आधी काय पुरलंय ते पाहावं लागतं. दोन फूट खणलं की विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल आणि पीओपी निघतं. हा राडारोडा मातीला चुनखडीसारखी अल्कधर्मी करतो. खूण सोपी आहे: सोनचाफा आणि जास्वंदाची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण मुळांना मिळत नाही. माळी हिराकस टाकतो, महिनाभर फरक दिसतो, पुन्हा पिवळं. मातीवर व्हिनेगर टाकून फेस येतो का पाहा असं सांगतात, पण पुण्याच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे मुळातच असतात. ती तशीही फसफसते, त्यामुळे ही चाचणी इथे फसवी आहे. खणून डोळ्यांनी पाहणं उत्तम. राडारोडा दोन-अडीच फुटांपर्यंत काढता आला तर काढा. नाहीच जमलं तर सोनचाफ्याचा हट्ट सोडा आणि कडुनिंब, करंज, आपटा, भोकर, बोर, हिवर लावा. त्यांना चुन्याचं वावडं नाही.

पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागेत, वेगळाच हिशेब. ओली माती घनमीटरला सुमारे १.८ टन भरते. ४५ सेंटीमीटर थर म्हणजे चौरस मीटरला ८०० किलोंच्या वर, आणि झाडाचं वजन त्यात धरलेलं नाही. स्लॅबचं डिझाइन ज्याने केलं त्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी आकडा घेतल्याशिवाय एक पाटीही चढवू नये. गवताला २०-३० सेंटीमीटर पुरतात, झुडपांना ४५-६०, झाडाला मीटरभर हवेत. म्हणून पोडियमवर झुडूप आणि गवत, आणि झाडं जिथे खालची जमीन थेट भेटते तिथे. मंजुरीच्या नकाशात काही वेळा पोडियमवरची झाडंही पन्नासात धरतात. आठ वर्षांनी त्यांची मुळं वॉटरप्रूफिंगमध्ये शिरतात, पार्किंगमध्ये गळती सुरू होते आणि सर्वसाधारण सभेत ती कापायचा ठराव होतो.

थर लावायचे, ओळी नाही

मोकळी जागा १० मीटर बाय १० मीटरच्या चौकोनांत विभागा. एका चौकोनात एकच उंच झाड, तीन-चार लहान झाडं, वीस-पंचवीस झुडपं, तीन-चार वेल आणि उरलेल्यात गवत. उंच म्हणजे वावळ, शिरीष, बेहडा. लहान म्हणजे आपटा, मेढशिंगी, वारस, भोकर, बारतोंडी. झुडपं मीटर-सव्वा मीटर अंतराने, पाच-सहा जातींची सरमिसळ: तरवड, धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी, अडुळसा, कोरांटी. करवंद हवीच, पण काटे आहेत, घसरगुंडीच्या बाजूला नको. उंबर किंवा नांद्रुक एखादा तरी असावा. उंबराला वर्षातून अनेकदा फळं धरतात, त्यामुळे इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही राखी धनेश, तांबट, वटवाघळं यांची सोय होते. फक्त इमारत, ड्रेनेजचं चेंबर आणि टाकीपासून १०-१२ मीटर लांब. चेंबरजवळचा उंबर पाइपात शिरणार म्हणजे शिरणार, आणि मग दोष उंबरावर येतो.

पुण्याचा पाऊस सरासरी ७००-७५० मिलिमीटर, तोही जून ते ऑक्टोबर, आणि पूर्वेकडे कमी होत जाणारा. बावधनला जे तग धरतं ते वाघोलीत धरेलच असं नाही. 'देशी झाड' म्हणून सातवीण सगळीकडे ओळीने लावली गेली. ती देशी आहे हे खरं, पण ती घाटाच्या दमट जंगलातली. इथे ती पाणी मागते, आणि पन्नास एकत्र फुलली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात लोक खिडक्या लावून घेतात. एखादं झाड असतं तर तोच वास सुगंध म्हणून खपला असता.

फुलपाखरांची बाग म्हणून लोक नुसती फुलं लावतात. फुलांवर प्रौढ फुलपाखरू येतं, मध पितं आणि जातं. अंडी घालायला त्याला ठरावीक झाड लागतं. लिंबू आणि कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन आणि लाइम, बहाव्यावर एमिग्रंट, सीताफळावर टेल्ड जे, सापसंदाच्या वेलावर कॉमन रोझ. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. आणि रुई. माळी जिला पहिल्यांदा उपटतो ती रुई. तिच्या कोवळ्या पानाची मागची बाजू उलटून पाहिली की मोहरीहून लहान, पांढुरकं, उभट अंडं दिसतं. ते प्लेन टायगरचं. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते, ती वाढली की काळे, पांढरे, पिवळे आडवे पट्टे आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. रुईचा विषारी चीक पचवून ती स्वतःच कडू होते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे. या मुदतीत पानं खाल्लेली, भोकं पडलेली, 'रोगट' दिसतात. नेमकं तेव्हा कोणीतरी माळ्याला औषध मारायला सांगतो.

रोप लावण्याचं तंत्र बहुतेकांना माहीत असतं, चुका तपशिलात होतात. खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट, कडक मुरूम असेल तर तीन. लावण्याआधी खड्डा पाण्याने भरा आणि २४ तासांनी बघा. पाणी तसंच असेल तर खाली पाषाण आहे आणि तुम्ही झाडासाठी हौद खणला आहे. पावसाळ्यात मुळं कुजतील. पहारीने तळ फोडा, नाहीतर जागा बदला. भरताना निघालेलीच माती दोन भाग, कुजलेलं खत एक भाग. सगळं खतच भरलं तर वर्षभरात ते बसतं आणि रोप खड्ड्यात रुततं. काळी पिशवी पूर्ण काढा. गोल फिरलेली मुळं सोडवा, सुटत नसतील तर कापा, नाहीतर पाच-सात वर्षांनी तीच मुळं खोडाला फास लावतात. लावायची वेळ दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन फूटभर भिजल्यावर, पाच जूनला फोटोसाठी नव्हे. आळ्यात तीन इंच पालापाचोळा, खोडापासून चार बोटं दूर. पहिला उन्हाळा आठवड्याला १०-१५ लिटर, दुसरा दहा-बारा दिवसांनी २० लिटर, तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, मग पाणी बंद. रोज थोडं थोडं पाणी दिलेल्या झाडाची मुळं वरच राहतात आणि जूनच्या पहिल्या वादळात ते आडवं होतं.

नर्सरीत 'अशोक' मागितला तर खोटा अशोक मिळतो, सीता अशोक वेगळा मागावा लागतो. मेढशिंगी, वारस, हिवर खासगी नर्सरीत सहसा नसतात. वनविभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करावी किंवा बी गोळा करावं. बहाव्याचं बी कठीण, त्याला काचकागदाने घासून किंवा उकळतं पाणी ओतून २४ तास भिजत ठेवायचं. पळसाचं बी मे-जूनमध्ये पडल्यापडल्या पेरायचं, ठेवलं तर उगवत नाही. करंज कुठेही टाका, येतो.

लॉनबद्दल एवढंच: उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर. पाचशे चौरस मीटर लॉन म्हणजे दर चार-पाच दिवसांना दहा हजार लिटरचा एक टँकर. खेळायला लागतं तेवढंच ठेवा.

ओढ्याच्या काठी

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर शहरातल्या ओढ्यांना भिंती घालायची घाई झाली. भिंतीमागची भीती समजण्यासारखी आहे. पण उतार आणि रुंदी तीच ठेवून काठ व तळ गुळगुळीत काँक्रीटचा केला की पाणी झाडोऱ्याच्या काठाच्या तुलनेत दुप्पट-अडीचपट वेगाने धावतं. आपल्या दारातून लवकर जातं आणि पुढच्या पुलाच्या मोरीत अडतं. शिवाय काँक्रीटच्या नाल्यात बेडूक उतरू शकतो, चढू शकत नाही.

सोसायटीच्या हद्दीला लागून ओढा असेल आणि पाच-सहा मीटर जागा सुटत असेल तर भिंतीऐवजी काठ बांधता येतो. अर्थात पालिकेच्या परवानगीने, आणि पात्राची रुंदी एक इंचही कमी न करता. उताराचं प्रमाण एक उभं, दोन आडवं. त्याहून तीव्र उतारावर माती टिकत नाही. पायथ्याला अर्धा-पाऊण मीटर उंचीचं सुट्या दगडांचं पिचिंग, सिमेंट न घालता, म्हणजे दगडांच्या फटीत खेकडे आणि मासे राहतात. त्याच्या वर काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी पक्की करायची. जाळीतून वाळ्याची रोपं १५ सेंटीमीटरवर एक, आणि दर मीटर उंचीला अशी एक ओळ. मधल्या जागेत निर्गुडी आणि वाळुंजाच्या काड्या. वाळुंज हे आपल्या नदीकाठचं जुनं झाड, विलोच्या कुळातलं. अंगठ्याएवढ्या जाडीची मीटरभर फांदी अर्धी जमिनीत खोचली तरी फुटते. काठाच्या माथ्यावर करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर, चार-पाच मीटरवर एक. पात्रात मात्र एकही झाड नको. तुटलेली फांदी मोरीत अडकली की पुराचं खापर सगळ्या झाडोऱ्यावर फुटतं.

मातीकाम फेब्रुवारी ते मे, काड्या जूनअखेर. हे उलटं झालं, मेअखेरीस उतार उघडा राहिला आणि सहा जूनला वळीव आला, तर सगळी माती पात्रात. पहिल्या दोन पावसाळ्यांत थोडी पडझड होतेच. त्यासाठी खर्चाचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा.

ओढ्यात येणारं सांडपाणी ही खरी अडचण. ते पालिकेच्या वाहिनीत वळवण्यावाचून पर्याय नाही. मात्र एखाद्या लहान सोसायटीचं न्हाणीघर-धुण्याचं पाणी, समजा दिवसाला दहा हजार लिटर, खडीच्या वाफ्यातून शुद्ध करता येतं. पाणी वाफ्यात दोन दिवस राहायला हवं, म्हणजे २० घनमीटर. खडीतली पोकळी ४० टक्के धरली तर खडीचं आकारमान ५० घनमीटर. खोली ६० सेंटीमीटर ठेवली तर वाफा सुमारे ८३ चौरस मीटरचा. खडी १० ते २० मिलिमीटरची, वर कर्दळ, पाणकणीस, लव्हाळा. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थरापेक्षा पाच-दहा सेंटीमीटर खाली ठेवली तर डास होत नाहीत. बिघडतं ते तोंडाशी: साबणाचा फेस, केस आणि तेल खडीत साचून वाफा चोंदतो. म्हणून आधी निवळण टाकी, आणि तोंडाकडची मीटरभर खडी दोन-तीन वर्षांनी काढून धुवायची तयारी.

टेकडीवर खड्डे कशाला?

वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव, बाणेर-पाषाण या टेकड्या 'बोडक्या' आहेत म्हणून त्यांवर झाडं लावायची चळवळ फार जुनी. वनीकरणात गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड लावलं गेलं, ते आज उतारच्या उतार व्यापून आहे. मुळात या टेकड्यांचा स्वभाव गवताचा आणि विरळ पानगळी झाडांचा: सालई, धावडा, मोई, मेढशिंगी, गणेर, मधे शेडा, पवन्या, डोंगरी, मारवेल, कुसळी. माती कुठे वीतभर, कुठे चार बोटं. उन्हाळ्यात ते बोडकं दिसतं, कारण सगळा जीव जमिनीखाली कंदांत असतो. सफेद मुसळी, जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड), हे पहिल्या पावसावर डोकं वर काढतात. जेसीबीने समतल चर मारले की ती चार बोटं माती उलटते, कंद वर येऊन सुकतात, खालचा मुरूम उघडा पडतो, आणि त्या उघड्या मुरुमावर सगळ्यात आधी उगवतं ते गाजरगवत, घाणेरी किंवा पिवळा कॉसमॉस. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्या पिवळ्या गालिच्यापुढे फोटो काढायला गर्दी होते तो मेक्सिकोचा पाहुणा आहे. ऑगस्टमध्ये, कळी धरण्याआधी, ओल्या मातीतून तो मुळासकट सहज निघतो. बी पडल्यावर उपटणं म्हणजे पेरणीला हातभार.

मियावाकी पद्धतीत चौरस मीटरला तीन ते पाच रोपं दाटीवाटीने लावतात. गवताळ टेकडीवर ती लावणं मला चूकच वाटतं. दाट सावलीत गवत मरतं, गवतावर जगणारे चंडोल जातात. सकाळी फिरायला जाणारी मंडळी माथ्यावर वड-पिंपळ लावून पाच-पाच लिटरचे कॅन वाहून नेतात. श्रम आणि माया दोन्ही खरी, जागा चुकीची.

टेकडीवर करण्यासारखं काम दिसायला कमी आहे. तोडलेल्या सालई-धावड्याच्या बुंध्यांना दरवर्षी धुमारे फुटतात. त्यांतले जोमदार दोन ठेवून बाकीचे काढायचे, भोवतीचं मीटरभर गवत कापायचं, म्हणजे वणव्यात ते वाचतात. वणवा अडवणाऱ्या जाळरेषेच्या जागी तीन ते पाच मीटर रुंदीचा पट्टा डिसेंबरअखेर कापून, गवत गोळा करून उचलायचा. पट्टा जाळणं हे वनविभागाचं काम, ते हौशी लोकांनी करू नये. बाकीचं गवत बी पडून गेल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, दहा सेंटीमीटर ठेवून कापावं आणि एक तृतीयांश आळीपाळीने तसंच उभं सोडावं. गिरिपुष्प एका दमात साफ करायचा मोह टाळा. ते बुंध्यातून दुप्पट फुटतं आणि एकदम ऊन आलं की घाणेरी शिरते. परवानगी घेऊन दरवर्षी दहा-पंधरा टक्के विरळणी, फुटवे वर्षातून तीनदा काढणं, आणि त्या झडत्या सावलीत आपसूक उगवलेली देशी रोपं जपणं, असा दहा वर्षांचा कार्यक्रम धरावा. जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आणि १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला बंदी, हे दोन नियम आहेत म्हणून या टेकड्या निदान शाबूत आहेत. टेकडी फोडल्यावर वरच्या कामाला अर्थ नाही.

माळ्याशी केलेला करार

सगळं लावून झाल्यावर बाग मोडते ती देखभालीच्या करारात. करार असतो चौरस फुटावर, आणि काम मोजलं जातं स्वच्छतेवर: जमीन झाडलेली, कुंपण चौकोनी कापलेलं, वाळकी फांदी दिसता कामा नये. तांबट घरट्यासाठी नेमकी वाळकी, मऊ फांदी शोधतो. शेवगा किंवा गुलमोहराची मनगटाएवढी फांदी, भोक बहुधा खालच्या अंगाला. माणसांच्या डोक्यावर नसलेली अशी एखादी फांदी ठेवायला काय हरकत आहे? छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत करा. 'पावसाळ्यापूर्वीची' म्हणून एप्रिल-मेमध्ये सरसकट छाटणी होते तेव्हा अर्ध्या पक्ष्यांची घरट्यात पिल्लं असतात.

कीटकनाशकाचा धूर डासांबरोबर पतंग, चतुर, काजवेही मारतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा साचलेलं पाणी ओतणं, कुंड्यांच्या बशा, टेरेसवरचे टायर, लिफ्टचा खड्डा. छोटं तळं केलंत तर खोली ६०-७५ सेंटीमीटर, एक काठ बेडकांसाठी १:४ इतका सौम्य, आणि त्यात गप्पी मासे नकोत. ते डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडीही फस्त करतात. चतुरांची पिल्लं हे काम करतात, फक्त त्यांना स्थिरावायला एक हंगाम द्यावा लागतो. आग्या मोहोळ दिसलं की पेस्ट कंट्रोलला फोन जातो. आग्या माश्या मुळात भटक्या, मोहोळ सोडून त्या आपणहून जातात. धोक्याच्या जागी असेल तर मोहोळ न मारता काढणारा प्रशिक्षित माणूस बोलवा. गणेशखिंडीत मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, हे पुष्कळ पुणेकरांना माहीत नसतं.

साप येतील, ही सभेत हमखास येणारी हरकत. इमारतीपासून दोन मीटरचा पट्टा आखूड गवताचा ठेवा, कचरा आणि उंदीर आवरा, आणि पायवाटेच्या दोन्ही कडा अर्धा मीटर नीट कापलेल्या ठेवा. कडा कापलेल्या असल्या की आतलं रान लोकांना मुद्दाम राखलेलं वाटतं, नसल्या की तेच रान दुर्लक्ष वाटतं. तक्रारींत पडणारा फरक चकित करणारा असतो.

करारात लिहिण्यासारखं थोडकं आहे. पाला जाळायचा नाही, चार बाय चार फुटांच्या जाळीच्या पिंजऱ्यात शेणकाला शिंपडत साठवायचा, चार-सहा महिन्यांत खत होतं. झुडपं वर्षातून एकदाच, फुलोऱ्यानंतर कापायची. औषध फवारण्याआधी कमिटीच्या एका ठरलेल्या माणसाला विचारायचं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक चौकोनात थर किती, जाती किती, उघडी माती किती, हे वहीत लिहायचं, दरवर्षी त्याच माणसाने, त्याच चौकोनांत. बागेतले दिवे पिवळसर, खाली तोंड केलेले, रात्री अकराला बंद. आणि सगळ्यात शेवटी, मराठीत, ठळक अक्षरांत: रुई उपटू नये.